डाळ, बेसन आणि टरफल: हवेची पाइप कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शेतकरी गटाच्या ताईंनी विचारलं आहे. गटाची चना डाळीची मिल चालू आहे. आता शेजारच्या शेडमध्ये पल्व्हरायझर, म्हणजे डाळ दळून पीठ करणारं यंत्र, बसवून तासाला एक टन बेसन काढायचं आहे. त्यासाठी तीन ठिकाणी माल न्यावा लागेल. डाळ गोदामातून पल्व्हरायझरवर चढवायची, बेसन पल्व्हरायझरपासून पॅकिंगच्या माडीवर पोचवायचं (आडवं २० मीटर, उभं ६ मीटर) आणि डाळ मिलचं टरफल ढोरांच्या खाद्याच्या खोलीत टाकायचं. हाती तीन कोटेशनं आहेत. एक म्हणतो सगळं व्हॅक्यूमच्या पाइपने ओढा, दुसरा म्हणतो डेन्स फेज (माल दाट ठेवून दाबाच्या हवेने लोटण्याची पद्धत) घ्या, तिसरा म्हणतो हवेच्या भानगडीत न पडता बकेट एलिव्हेटर (पट्ट्यावरच्या बादल्यांनी माल वर चढवणारा) आणि स्क्रू (फिरत्या मळसूत्राने माल पुढे सरकवणारा) लावा. किमतींत मोठी तफावत आहे. कोणाचं ऐकायचं?

ताई, माझं उत्तर आधीच सांगतो. डाळ बकेट एलिव्हेटरने चढवा, बेसन व्हॅक्यूमने ओढा, टरफल साध्या पंख्याने उडवा. डेन्स फेज तुमच्या कामाची नाही. आता असं का, ते सविस्तर लिहितो. कारण कळलं तर उद्या विकणारा समोर बसून वेगळं सांगू लागल्यावर त्याला नेमकं काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

मी २६ वर्षं हेच काम करतो आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिल, यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंग, अकोल्याच्या डाळ मिल आणि फ्लाय ॲशच्या, म्हणजे वीज केंद्रातल्या राखेच्या, विटांचे कारखाने या सगळ्या ठिकाणी पाइप टाकल्या, आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या दुरुस्तही केल्या. बिघडलेल्या लाइनवर गेलो की बहुतेक वेळा पाइपमधल्या हवेचा वेग चुकलेला सापडतो. कुठे कमी, कुठे जास्त. ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारं-ढकलणारं यंत्र, चांगल्या कंपनीचा असतो, पाइप जाड असते, पण त्या मालाला किती वेग लागतो आणि किती सोसतो याचा विचारच झालेला नसतो.

कास्तकाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. खळ्यावर तिवईवर उभं राहून तुम्ही उपणणी केली असेल किंवा पाहिली असेल. टोपलीतून एकाच धारेने माल सोडला तरी दाणा पायाशी पडतो आणि भुसा दूर जातो. वारा पडला की भुसाही पायाशीच. वारा फार सुटला तर हलका दाणाही भुशात जातो. पाइपमध्ये हेच होतं, फक्त वारा ब्लोअरचा असतो. प्रत्येक मालाला उचलून धरणारा एक कमीत कमी वेग असतो. त्याखाली गेलात की माल पाइपच्या तळाशी बसू लागतो, थर चढतो आणि लाइन चोक होते. त्याच्या फार वर गेलात की माल भिंतींवर आपटतो, डाळ फुटते, बेंडला (पाइपच्या वळणाला) भोक पडतं आणि विजेचं बिल वाढतं.

पाइपमधून माल नेण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली डायल्यूट फेज. हवा भरपूर, माल विरळ, वेग सेकंदाला साधारण १५ ते ३० मीटर. माल हवेत तरंगत जातो. एका किलो हवेमागे चार-पाच किलो, फार तर दहा-पंधरा किलो माल. दुसरी डेन्स फेज. हवा कमी, माल दाट, वेग सेकंदाला ३ ते १० मीटर. माल लोटत किंवा गोळ्यागोळ्याने सरकतो. तिला दाबाची टाकी, कॉम्प्रेसर आणि हवा सुकवण्याचा ड्रायर लागतो. डेन्स फेजची जाहिरात हमखास अशी असते: वेग कमी, झीज कमी, फूट कमी. हे खरंच आहे. पण प्रत्येक माल डेन्स फेजमध्ये चालत नाही, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

तुमचा माल कोणत्या जातीचा, हे घरच्या घरी पाहता येतं. दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या, अर्धी भरा, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि टेबलावर ठेवून घड्याळ बघा. डाळ भराल तर ती ठेवल्या क्षणी बसते, तिच्यात हवा राहत नाही. कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रातली बारीक राख भराल तर ती फुगते, बाटली कलती केली की पाण्यासारखी हेलकावते आणि खाली बसायला बराच वेळ घेते. बेसन भराल तर आणखी तिसरंच दिसेल. ते बाटलीच्या भिंतीला चिकटतं, गोळे होतात, मध्ये चिरा पडतात. डेरेक जेल्डार्ट यांनी १९७३ साली पावडरींचे ए, बी, सी, डी असे चार गट पाडले, त्यांचा पाया हाच: पावडरीतून हवा कशी जाते आणि किती वेळ टिकते. राख आणि सिमेंट ए गटाकडे झुकतात, बेसनासारखी चिकट बारीक पिठं सी गटात, डाळ आणि दाणे डी गटात.

राखेत हवा टिकते म्हणून ती डेन्स फेजमध्ये छान वाहते. वीज केंद्रात धूळ पकडणाऱ्या यंत्राखालच्या हॉपरमधून राख दाबाच्या टाकीने सायलोपर्यंत शेकडो मीटर लोटली जाते. तिथे ही पद्धत शोभते, आणि कोरपना-गडचांदूर पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांतही शोभते. त्यांचा माल घासणारा आहे, अंतर लांब आहे आणि टनेज प्रचंड आहे. तुमचं अंतर २६ मीटर, माल एक टन आणि तो चिकट. बेसन दाबाच्या टाकीत भरलं की तोंडाशी कमान धरतं. वरून हवा दाबली की हवा मधून बोगदा करून निघून जाते आणि बेसन कडेला तसंच राहतं. अशी एक लाइन मी पाहिली आहे. उन्हाळ्यात कशीबशी चालत होती. जुलै लागला, कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी ड्रायरला आवरेना, आणि पोरं हातोड्याने टाकी ठोकत बसली. त्या टाकीवर ठोकल्याच्या खुणा इतक्या होत्या की रंग उरला नव्हता. मालक भला माणूस, कर्ज काढून घेतलेली यंत्रणा. शेवटी ती काढून ठेवावी लागली. म्हणून डेन्स फेजचं कोटेशन तुम्ही बाजूला ठेवा असं सांगताना मला जराही शंका नाही.

आता डाळ. चना डाळ, तूर डाळ हवेच्या पाइपने नेता येते का? येते. पण डायल्यूट फेजमध्ये तिला सेकंदाला वीसेक मीटरचा वेग लागतो, आणि त्या वेगाने प्रत्येक बेंडवर ती लोखंडावर आपटते. तुमची डाळ शेवटी पल्व्हरायझरमध्येच जाणार, मग फुटली तर काय बिघडलं, असं विकणारा म्हणेल. तीच डाळ पुढेमागे तुम्हाला कट्ट्यात भरून विकायची आहे की नाही? हंगामात बेसनापेक्षा डाळीला भाव बरा असेल तेव्हा तुम्ही त्याच लाइनवर डाळ फिरवणार, आणि मग कोपरे उडालेली डाळ बाजारात कमी भावाने जाईल. एका तूर डाळ मिलमध्ये सुरुवातीला सगळं ठीक होतं. माल वाढवायचा म्हणून कोणीतरी ब्लोअरची पुली बदलली, वेग वाढला आणि चाळणीखाली तुकडा दिसू लागला. मिलवाले रोलरला दोष देत राहिले. दोष रोलरचा नव्हता. पुली जुनी लावली आणि तुकडा कमी झाला.

बकेट एलिव्हेटरमध्ये पट्ट्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवला, प्लॅस्टिकच्या बादल्या लावल्या आणि वरून पडणारी डाळ तिरप्या पत्र्यावरून घसरत येईल असं केलं, की फूट नगण्य राहते. मोटर एक एचपीची. बूटमध्ये, म्हणजे तळाच्या पेटीत, थोडी डाळ उरते, तिथे सरकती झडप ठेवून आठवड्याला साफ करा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल गावोगावी चालली, त्यामागे साधं यंत्र गावातल्या माणसाला दुरुस्त करता येतं हेही एक कारण आहे असं मी मानतो. एलिव्हेटर त्याच जातीचा. पट्टा तुटला तर तुमच्या गावचा वेल्डर आणि मिस्त्री मिळून दुपारपर्यंत चालू करतील.

मग बेसनालाही एलिव्हेटर-स्क्रू का नको? तिसऱ्या कोटेशनवाल्याचं म्हणणं इथे तपासावं लागेल, कारण विजेच्या बाबतीत तो खरा आहे. हवेने माल नेणं हे यंत्राने नेण्यापेक्षा नेहमी महाग पडतं, कित्येकदा तीन-चार पटीने. तुमच्या कामाचा अंदाज मी असा काढतो. एक टन बेसन, अडीच इंची पाइप, सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर. म्हणजे तासाला सुमारे २४० घनमीटर हवा, वजनात साधारण २५० किलो, किलोभर हवेमागे चार किलो बेसन. मोटर पाच एचपीची लागेल. हेच काम एक एलिव्हेटर आणि एक लांब स्क्रू मिळून अडीच-तीन एचपीत करतील. फरक धरा दीड-दोन किलोवॅट. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालवलं तर दोन किलोवॅटने ४,८०० युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावा आणि तो खर्च कागदावर लिहून समोर ठेवा.

एवढा खर्च करूनही मी बेसनाला हवा सुचवतो, याला तीन कारणं आहेत. पहिलं किड्यांचं. स्क्रूच्या पात्याखाली आणि एलिव्हेटरच्या बूटमध्ये पीठ साचून राहतं. ऑगस्टच्या दमट हवेत त्यात आठवड्याभरात जाळी आणि अळी दिसते, आणि ती पुढच्या मालात मिसळते. नीट बांधलेली हवेची पाइप शेवटी रिकामी फिरवली की साफ होते. दुसरं उष्णतेचं. पल्व्हरायझरमधून बेसन गरम निघतं. व्हॅक्यूमने ओढताना खोलीची हवा त्याच्याबरोबर आत जाते आणि वाटेत त्याला निववते. गरम बेसन थेट पिशवीत भरलं तर पिशवीच्या आत घाम सुटतो आणि गोळे होतात. तिसरं धुळीचं, आणि ते जिवाशी आहे, म्हणून त्यावर पुढे वेगळं लिहितो.

व्हॅक्यूमच का, दाबाची हवा का नको? साधा ठोकताळा असा की अनेक ठिकाणांहून एका ठिकाणी आणायचं असेल तर ओढा, एका ठिकाणाहून अनेक ठिकाणी वाटायचं असेल तर ढकला. ओढण्याला मर्यादा आहे. वातावरणाचा दाब जेमतेम एक बार आणि त्यातला व्यवहारात अर्धाच वापरता येतो, म्हणून फार लांबवर ओढता येत नाही. तुमचं अंतर त्या मर्यादेत सहज बसतं. दाबाच्या लाइनमध्ये दुसराही प्रश्न असतो. रूट्स ब्लोअर, म्हणजे अशा लाइनला लावतात तो दाबाचा ब्लोअर, हवा दाबताना तापवतो. अर्धा बार दाबाला हवेचं तापमान आणखी ५० अंशांच्या आसपास वाढतं. मे महिन्यात अकोल्यात बाहेरच ४५ अंश असताना पाइपमध्ये ९५ अंशांची हवा बेसनाला लागेल. कूलर लावून ती थंड करता येते, पण तो आणखी एक खर्च आणि आणखी एक दुरुस्ती. व्हॅक्यूममध्ये ब्लोअर शेवटी बसतो. तापलेली हवा बाहेर जाते, मालाला लागत नाही. शिवाय सांध्यातून गळती असेल तर व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत शिरते, दाबाच्या लाइनमध्ये बेसन खोलीभर उडतं. उद्या त्याच माडीवरून चार वेगवेगळ्या पॅकिंग मशीनना बेसन वाटायचं झालं, तर मात्र दाबाच्या लाइनचा विचार करावा लागेल.

वेगाबद्दल एक गोष्ट मुरलेल्या मिस्त्रींनाही बहुधा माहीत नसते. पाइपच्या सुरुवातीला आणि शेवटाला हवेचा वेग सारखा नसतो. जसजसा दाब उतरतो तसतशी हवा फुगते आणि वेग वाढतो. म्हणून चोक बहुतेक वेळा सुरुवातीला होतो आणि भोक बहुतेक वेळा शेवटच्या बेंडला पडतं. तुमसरकडच्या एका राइस मिलमध्ये धानाच्या तुसाची लाइन होती. तूस हलकं, घनमीटरला शंभर-सव्वाशे किलो, पण त्याच्या राखेत ८५ टक्क्यांहून जास्त सिलिका, म्हणजे ते लोखंडाला कानशीसारखं घासतं. शेवटच्या बेंडवर ठिगळावर ठिगळं मारलेली होती. मालकाने पत्रा दुप्पट जाड केला, तरी तेच. झीज वेगाच्या जवळपास अडीच ते तीन घाताने वाढते. वेग दुप्पट केला की झीज सहा ते आठ पट. तिथे वेग निम्म्याच्या जवळ आणता येत होता. आम्ही पंख्याचे फेरे कमी केले, गोल बेंड काढून त्या जागी आंधळी टी बसवली, म्हणजे टीची एक बाजू बंद ठेवली. त्या बंद खिशात तूस साचतं आणि येणारं तूस लोखंडाऐवजी तुसावरच आपटतं. जाड पत्र्याला जे जमलं नव्हतं ते त्याने झालं. पण ताई, हा उपाय बेसनाला लावू नका. त्या खिशात बेसन साचून राहील आणि किडे होतील. बेसनाला लांब वळणाचा बेंड हवा, आतून गुळगुळीत, जोडावर पायरी नको.

पाइप कशी टाकायची तेही सांगतो, कारण इथे जागा वाचवायला म्हणून हमखास चूक होते. पाइप एक तर आडवी न्या, नाहीतर सरळ उभी. तिरपी नेऊ नका. तिरप्या पाइपमध्ये माल मागे घसरतो, पुन्हा उचलला जातो, पुन्हा घसरतो, आणि तिथेच चोक बसतो. अंतर वाचलं असं वाटतं, पण दाब जास्त लागतो. माल जिथे पाइपमध्ये पडतो तिथून पहिला बेंड किमान दोन मीटर लांब असावा, म्हणजे मालाला वेग धरायला जागा मिळते. बेंड जितके कमी तितकं बरं. एक बेंड म्हणजे दाबाच्या हिशेबात कित्येक मीटर सरळ पाइप. तुमच्या नकाशात पाच बेंड दाखवले आहेत. शेडच्या मागच्या भिंतीतून पाइप बाहेर काढून सरळ वर चढवली तर तिनात भागेल.

कोटेशनमधला हवेचा आकडा कोणत्या हवेचा आहे, हे विचारायला विसरू नका. काही जण नॉर्मल घनमीटर लिहितात, म्हणजे शून्य अंशाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेली हवा. अकोल्यात ४५ अंशाला तीच १०० नॉर्मल घनमीटर हवा १२० घनमीटरच्या आसपास जागा घेते. एका कोटेशनमध्ये २४० नॉर्मल आणि दुसऱ्यात २४० नुसते असतील, तर ते दोन आकडे एक नाहीत, त्यांत पाचव्या हिश्श्याचा फरक आहे. किमतींतल्या तफावतीचा काही भाग इथेही लपलेला असू शकतो. साध्या पंख्याला तर उन्हाळा आणखी जाचतो. पंख्याचा दाब हवेच्या वजनावर असतो आणि ४५ अंशाची हवा १५ अंशाच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्के हलकी असते. जानेवारीत चालवून दाखवलेली लाइन मे महिन्यात मंदावली, तर त्यात नवल नाही.

फिल्टरमध्ये काटकसर करू नका. बेसन हवेतून वेगळं करायला नुसतं सायक्लोन (हवा गोल फिरवून माल खाली पाडणारं नरसाळं) पुरत नाही, बारीक पीठ सुटून जातं. त्याला हवेच्या झटक्याने आपोआप झटकला जाणारा बॅग फिल्टर हवा, आणि तुमच्या हवेला कापडाचं क्षेत्रफळ किमान ५ ते ६ चौरस मीटर असावं. दोन चौरस मीटरचा फिल्टर देऊन किंमत खाली आणलेली कोटेशनं मी पाहिली आहेत. पहिल्या महिन्यात चालतं, मग कापड बुजतं, ओढ कमी होते, वेग पडतो आणि लाइन चोक होते. लोक ब्लोअर तपासत बसतात. फिल्टरखालचा रोटरी एअरलॉक, म्हणजे हवा न सोडता माल खाली पाडणारी फिरत्या पात्यांची झडप, घट्ट असावा. पात्याची आणि कवचाची फट मिलीमीटरच्या दहा-पंधरा शतांशांएवढीच असते. ती वाढली की खालून हवा वर शिरते आणि बेसन खाली पडतच नाही.

आता धुळीचं. बेसनाची धूळ पेट घेते, आणि बंद जागेत हवेत पुरेशी उडालेली असेल तर स्फोट होतो. धान्याच्या पिठांसाठी हे प्रमाण घनमीटरला पन्नासेक ग्रॅमपासून सुरू होतं. म्हणजे एका मोठ्या पेटीएवढ्या हवेत ओंजळभर पीठ. पाइपमधून वेगाने जाणारं कोरडं पीठ स्थिर वीज तयार करतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ती वीज साठून राहते. म्हणून पाइपच्या प्रत्येक जोडावर, रबरी होजच्या दोन्ही टोकांना, फिल्टरला आणि हॉपरला तांब्याच्या पट्टीने जोडून अर्थिंग द्या. फिल्टरच्या पिशव्या स्थिर वीज वाहून नेणाऱ्या कापडाच्या मागा. पल्व्हरायझरच्या आधी चुंबक बसवाच, एक खिळा आत गेला की ठिणगी पडते. फिल्टरला स्फोटाचा दाब सोडणारी झडप असावी आणि तिचं तोंड भिंतीबाहेर मोकळ्या जागेकडे असावं, बायका पॅकिंगला बसतात त्या बाजूला कधीच नाही. आणि छताच्या कैच्यांवर, वायरीच्या ट्रेवर साचलेलं पीठ दर आठवड्याला ओढून काढा. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. पहिला स्फोट लहान असतो. तो कैचीवरचं साचलेलं पीठ हवेत उडवतो, आणि माणसं दुसऱ्या स्फोटात जातात. तुमच्या शेडमध्ये बारा बायका काम करणार आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. या परिच्छेदातला कुठलाही खर्च कापू नका.

विजेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मूर्तिजापूर तालुक्यात लाइन जाणार हे धरूनच चालावं लागतं. डायल्यूट फेजचा मोठा गुण इथे कामी येतो. तुमच्या पूर्ण २६ मीटर पाइपमध्ये चालू असताना अर्धा किलोसुद्धा बेसन नसतं. लाइन गेली तर तेवढंच खाली पडेल, ब्लोअर पुन्हा सुरू केला की उचललं जाईल. डेन्स फेजमध्ये कित्येक किलो माल पाइपमध्ये अडकून बसतो. मात्र एक धोका लक्षात घ्या. लाइन गेल्यावर ब्लोअर लगेच थांबतो, पण पल्व्हरायझरचा जड रोटर स्वतःच्या जोरावर फिरत राहतो आणि बेसन पाइपच्या तोंडाशी ढकलत राहतो. म्हणून पाइपच्या तोंडाखाली उघडता येणारं झाकण ठेवा. लाइन आली की आधी ते झाकण उघडून साचलेलं काढा, मगच ब्लोअर सुरू करा. सुरू करण्याचा क्रम असा: ब्लोअर, एअरलॉक, पल्व्हरायझर, सगळ्यात शेवटी डाळीचा फीडर. बंद करताना उलट, आणि फीडर थांबल्यावर ब्लोअर तीन मिनिटं रिकामा चालू द्या. हा क्रम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका, पॅनलमध्येच बांधून घ्या. ब्लोअर बंद पडला की फीडर आपोआप बंद पडलाच पाहिजे.

आणि फेज सिक्वेन्स रिले लावा. डीपीवर दुरुस्ती झाली की कधीकधी फेज उलटसुलट जोडले जातात. ब्लोअर उलटा फिरतो, ओढण्याऐवजी फुंकतो, फिल्टरमधलं सगळं पीठ पाइपमधून मागे पल्व्हरायझरच्या खोलीत येतं. रिले स्वस्त असतो, आणि तो नसल्यामुळे दोन दिवस पीठ झाडत बसलेली मिल मी पाहिली आहे.

टरफलाला फार विचार नको. तासाला दीड-दोनशे किलो टरफल असेल तर चार इंची पाइप, सेकंदाला १६ मीटरच्या आसपास वेग, दोन एचपीचा पंखा. टरफल पंख्याच्या पात्यांतून जाऊ देऊ नका, आधी सायक्लोनमध्ये पाडा आणि पंखा सायक्लोनच्या नंतर ठेवा. सायक्लोनमधून निघालेल्या हवेला कापडी पिशवी लावा, म्हणजे शेजाऱ्यांच्या वाळवणावर धूळ बसणार नाही. जिनिंगमध्ये कापूस ओढणारी सक्शन पाइप तुमच्या गटातल्या कोणी ना कोणी पाहिली असेलच, ती याचीच मोठी बहीण.

आता व्हॅक्यूमवाल्याकडे परत जा आणि त्याच्याकडून लिहून घ्या: बेसन उचलताना वेग किती, किलो हवेमागे किलो माल किती, एकूण दाब किती पडेल आणि तो कसा काढला, गळतीसाठी हवा किती जास्त धरली, फिल्टरचं क्षेत्रफळ किती, हवेचे आकडे कोणत्या तापमानाला. हे त्याला सांगता येत नसेल तर त्याने दुसऱ्या मिलचं कोटेशन नाव बदलून तुम्हाला दिलं आहे असं समजा. त्याच्याकडे चाचणीची लाइन असेल तर तुमच्याच पल्व्हरायझरसारख्या चाळणीचं बेसन पाच कट्टे पाठवा आणि गटातलं कोणीतरी समोर उभं राहून चालवून बघा. मैद्यावर केलेली चाचणी चालणार नाही, बेसनात तेलाचा अंश जास्त असतो आणि ते वेगळं वागतं. बेसनाची घनताही त्यालाच विचारत बसू नका. दहा लिटरची बादली न ठोकता काठोकाठ भरा, वजन करा, बादलीचं वजन वजा करून शंभराने गुणा. आलेला आकडा घनमीटरला किलोचा, हॉपरची मापं त्यावरच ठरतील. शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे तुमच्या शेडमध्ये, तुमच्या बेसनावर, सलग आठ तास एक टन दर तासाला निघाल्यावरच द्यायचे, हे ऑर्डरमध्ये लिहा.

लाइन चालू होईल त्या दिवशी व्हॅक्यूमच्या गेजवर दोन आकडे बघा, एक रिकाम्या पाइपचा आणि एक पूर्ण मालाचा. गेजशेजारी भिंतीवर ऑइल पेंटने दोन्ही लिहून ठेवा, तारखेसह. पुढे कधी रिकाम्या पाइपचा आकडा वाढलेला दिसला तर पाइप किंवा फिल्टर बुजत आला आहे, फिल्टरपासून बघायला लागा. रिकाम्या पाइपचा आकडा कमी झाला तर कुठेतरी हवा आत शिरते आहे, बहुतेक एअरलॉकमधून. रिकाम्याचा आकडा तोच पण मालाचा वाढला, तर फीडर जास्त डाळ सोडतो आहे किंवा बेसन ओलसर आहे. पाळीवरच्या प्रत्येक बाईला ते दोन आकडे दाखवा. बाटलीची चाचणी आणि बादलीचं वजन झालं की मला कळवा. बेंड तिनावर आणता येतात का, ते नकाशावर पुन्हा बसून पाहू.